सोळाशे रुपयांची बचत

स्मरणिकेसाठी लेख देण्याचा आग्रह संपादक मंडळाने दरवर्षीप्रमाणे यंदाही केला. बालरोगतज्ज्ञाने लसीकरण, कुपोषण, अतिसार किंवा फार तर परीक्षेच्या काळातील मुलांचे मानसिक स्वास्थ्य यावर लिहावे, अशी आपली रीत आहे व आजवर मीही ती पाळत आलो. या वेळी मात्र विषय थोडा वेगळा निवडला आहे. बंदुकीच्या दुकानातील भाव आणि मोबाइलवर मागवलेल्या बंदुकीचा भाव यांतील फरक, हा तो विषय. वैद्यकीय संघटनेच्या अंकात हे काय, असे काही वाचकांना वाटेल. शेवटपर्यंत वाचल्यास तसे वाटणार नाही, अशी आशा आहे.

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना बंदूक ही वस्तू अनोळखी नाही. कलबुर्गीच्या किल्ल्यातील एकोणतीस फुटी बारागजी तोफेशेजारी उभे राहून छायाचित्र काढले नाही, असा विद्यार्थी आपल्या शाळांत क्वचितच सापडेल. निजामी राजवटीचे अखेरचे दिवस आणि १९४८ साली गोरट्यासारख्या गावांनी भोगलेले अत्याचार ज्यांनी पाहिले, त्या पिढीच्या मनात घरातील बंदुकीला एक वेगळेच स्थान होते. आमच्या लहानपणी गावातील एखाद्याच वाड्यात ठासणीची किंवा दुनळी बंदूक असे. ती खुंटीला टांगलेली दिसे, पण तिला हात लावण्याची आमची प्राज्ञा नव्हती. निवडणूक जाहीर झाली, की मालक ती गुंडाळून ठाण्यात जमा करून येत. बंदुकीच्या मागे परवाना आहे, सरकार आहे, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते.

आज शेतशिवारात जी बंदूक सर्रास दिसते, ती ही नव्हे. ती आहे छर्ऱ्याची बंदूक, म्हणजेच एअरगन. दारूऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर ती शिशाचा छर्रा फेकते. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील २०१६ चे नियम यांनुसार, जिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि जिची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, अशी हवेची बंदूक बाळगण्यास परवाना लागत नाही. खऱ्या बंदुकीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा, चौकशीला सामोरे जा, परवाना मिळाला की अधिकृत विक्रेत्याकडे जाऊन नोंद करून घ्या, असा सारा सोपस्कार असतो. एअरगन यातून सुटली. त्यामुळेच ती टपालाने घरपोच येऊ शकते आणि भावाची तुलना करण्याचा प्रश्न तिच्याच बाबतीत उद्भवतो.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. ती माझ्याच घरची आहे आणि तीत मी केवळ साक्षीदार नाही.

माझे धाकटे मेव्हणे भालकी तालुक्यातील एका खेड्यात शेती करतात. आपल्या भागातील तुरीची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण शेंगा भरू लागल्या की वानरांचे कळप उतरतात, रात्री रानडुकरे येतात, आणि मानांकन मिळालेल्या त्या पिकाची राखण करता करता शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात. काही वर्षांपूर्वीच्या हंगामात मेव्हणे वैतागून मला म्हणाले, "दाजी, फटाके लावून झाले, डबे वाजवून झाले. आता एक छर्ऱ्याची बंदूक घ्यावी म्हणतो. तुम्ही कलबुर्गीला जाणार आहातच, तर सोबत येतो."

आम्ही दोघे एका जुन्या दुकानात गेलो. लोखंडी जाळीचा दरवाजा, भिंतीवर काचेच्या कपाटात मोजक्या बंदुका आणि गादीवर साठी उलटलेले मालक. त्यांनी दोन-तीन नमुने दाखवले. मेव्हण्यांना एक पसंत पडली. किंमत सहा हजार आठशे रुपये. घासाघीस सुरू होण्यापूर्वी त्यांनी आपल्या दखनी बोलीत विचारले, "डाक्टरसाब, घर में छोटे बच्चे कित्ते हैं?" मेव्हण्यांनी सांगितले, एक मुलगा, बारा वर्षांचा. मग प्रश्नांची मालिकाच सुरू झाली. ठेवणार कुठे? कुलपाची पेटी आहे का? शेतात काम करणाऱ्यांची मुले येतात-जातात का? वानराला मारायची आहे की नुसती हुसकावायची आहे? नेम शिकला आहात का? त्यांचे म्हणणे असे, की बंदूक आज पाहून जा, पेटीची व्यवस्था करा, पुढच्या आठवड्यात या, मी अर्धा तास चालवून दाखवीन आणि मगच देईन.

मला त्यांचा थोडा रागच आला. बाहेर येऊन मी मोबाइल काढला. तीच कंपनी, तोच नमुना, किंमत पाच हजार दोनशे. वर छर्ऱ्यांचा एक डबा मोफत. मेव्हण्यांच्या हाती मोबाइल देत मी म्हणालो, "सोळाशे रुपये वाचले आणि म्हाताऱ्याची उलटतपासणीही वाचली." आपल्याला खरेदीतले कळते, या समाधानात मी स्वतःच ती मागणी नोंदवली. वयाच्या रकान्यात माझे वय आणि ओळखपत्र म्हणून माझेच. सहाव्या दिवशी खोके मेव्हण्यांच्या ओसरीवर पोहोचले. ते शेतात होते. खोके त्यांच्या मुलाने घेतले.

त्या वर्षीची वेळ अमावास्या आम्ही नेहमीप्रमाणे शेतात साजरी केली. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील यांचे जेवण झाले, मोठी माणसे झाडाखाली पहुडली. मुले बांधावर खेळत होती. बंदूक माचाणावर टेकवून ठेवलेली होती आणि छर्ऱ्यांचा डबा तिच्या शेजारीच होता. त्यानंतर काय घडले हे मुलांनी सांगितले तेवढेच आम्हाला ठाऊक आहे. झाडाला टांगलेल्या रिकाम्या डब्यावर नेम धरला होता. छर्रा डब्याच्या कडेला लागून उसळला. सालगड्याचा नऊ वर्षांचा मुलगा बाजूला उभा होता. त्याच्या डाव्या डोळ्याला तो लागला.

मी तेथे होतो, डॉक्टर होतो आणि माझ्या हातात करण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. डोळ्यावर कागदी पेला उलटा बांधला, कोणाला डोळा चोळू किंवा धुऊ दिला नाही, मुलाला काही खाऊ-पिऊ दिले नाही आणि गाडी काढली. नेत्रतज्ज्ञांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली, पुढे मोठ्या शहरात आणखी दोन झाल्या. नेत्रगोल वाचला, दृष्टी वाचली नाही. पोलिसांत रीतसर नोंद झाली. खर्च आम्ही केला. त्यात काही मोठेपणा नाही.

या घटनेनंतर मी त्या सोळाशे रुपयांचा पुष्कळ विचार केला. हे सोळाशे रुपये कशाचे होते? वस्तू एकच होती, कारखाना एकच, वस्तू व सेवा कर दोन्हीकडे सारखाच. ऑनलाइन विक्रेत्याने फसवले, असे मी मुळीच म्हणणार नाही. बंदूक उत्तम होती, तेच तर दुःख आहे. त्याला दुकानाचे भाडे नाही, माल मोठ्या प्रमाणावर थेट उचलतो, म्हणून त्याला स्वस्त देता येते. व्यापाराचा हा सरळ हिशेब आहे. दुकानदाराच्या किमतीत मात्र जाळीचा दरवाजा, गादी, वीज, त्याची दोन माणसे, स्प्रिंग तुटल्यास दुरुस्ती आणि तो अर्धा तास यांचा खर्च मिळवलेला होता. ज्या प्रश्नांना मी उलटतपासणी म्हटले, तेही त्या किमतीतच होते. पावतीवर त्याचा वेगळा रकाना नसल्यामुळे मला ते दिसले नाहीत.

वाचकांपैकी जे औषधविक्रीच्या व्यवहाराशी परिचित आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. गल्लीतील औषध दुकानदार आणि घरपोच औषधे देणारी संकेतस्थळे यांची तुलना करताना आपण हेच बोलतो. चिठ्ठी पाहून "डॉक्टरांनी हे बाळाला दिले आहे की आजोबांना?" असे विचारणारा दुकानदार दहा टक्के सवलत देत नाही म्हणून आपला रुग्ण दुसरीकडे जातो, तेव्हा आपण हळहळतो. पण स्वतः गिऱ्हाईक झालो की आपलाही विवेक सवलतीपुढे नमतो. मी त्याचा जिवंत पुरावा आहे.

तथापि, स्थानिक दुकानदार तेवढे सज्जन आणि ऑनलाइन विक्री तेवढी घातक, असा निष्कर्ष मी काढणार नाही. तो खरा नाही. जत्रेतील फुगे फोडण्याच्या पालावर सात वर्षांच्या मुलाच्या हाती छर्ऱ्याची बंदूक देणारा माणूस स्थानिकच असतो. आणि २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात जे घडले, ते तर आपल्या सर्वांच्या स्मरणात ताजे आहे. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचा स्फोट घडवणारी तथाकथित 'कार्बाइड गन' दीड-दोनशे रुपयांना रस्त्यावर, हातगाडीवर विकली गेली. तिच्या चित्रफिती मुलांनी मोबाइलवर पाहिल्या होत्या. बार उडाला नाही म्हणून मुले नळीत डोकावून पाहत आणि नेमका तेव्हाच स्फोट होई. भोपाळ, विदिशा, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर येथील रुग्णालयांत काही दिवसांत डोळ्यांच्या दुखापतीची शंभराहून अधिक मुले दाखल झाली आणि त्यांतील काहींची दृष्टी गेली. हे साधनही मुळात शेतातील माकडे पळवण्यासाठी वापरात आलेले. शेताच्या बांधावरून घराच्या अंगणात येण्यास त्याला फार वेळ लागला नाही. विक्रेता समोर उभा होता, पण त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

म्हणजे मुद्दा दुकानाचा किंवा मोबाइलचा नाही. विकणारा घेणाऱ्याला काही विचारतो की नाही आणि घेणारा स्वतःला काही विचारतो की नाही, एवढाच मुद्दा आहे. जुन्या दुकानात तो प्रश्न सवयीने येत असे. नव्या व्यवहारात तो मुद्दाम घालावा लागेल, कारण तेथे तो आपोआप येत नाही. अनेक संकेतस्थळे ओळखपत्राची प्रत मागतात हे मान्य, पण ओळखपत्र माझे, शेत मेव्हण्यांचे आणि खोके घेणारा हात बारा वर्षांच्या मुलाचा, हे त्या प्रतीवरून कोणाला कळणार?

आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी, की एअरगन हे थोडे मोठे खेळणे आहे. तेव्हा थोडे गणित मांडतो. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. कायद्याने विनापरवाना चालणाऱ्या २० ज्यूलच्या निम्मी, म्हणजे १० ज्यूल ऊर्जा धरली, तरी त्याचा वेग सेकंदाला २०० मीटर, अर्थात ताशी ७२० किलोमीटर होतो. त्वचा भेदण्यास सेकंदाला सुमारे १०० मीटरचा वेग पुरतो, असे वैद्यकीय साहित्यात मानले जाते. डोळ्याला तर ४० मीटरच्या आसपासचा वेगही पुरतो. डब्यावरून उसळून निम्मा वेग गमावलेला छर्राही डोळा फोडण्यास समर्थ असतो, हे यावरून लक्षात येईल. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २००४ साली आपल्या सभासदांना या बंदुकांच्या धोक्याविषयी सविस्तर निवेदन देऊन सावध केले होते.

माझ्या तरुण व्यवसायबंधूंसाठी आणखी दोन शब्द. छर्ऱ्याची जखम मसुराच्या दाण्याएवढी दिसते आणि रक्तही फारसे येत नाही. नातेवाईक "खरचटले आहे" असे सांगतात, कारण घरातील मोठ्यांना आपली चूक झाकायची असते. अशा जखमेला मलम लावून घरी पाठवू नये. दोन दिशांनी क्ष-किरण चित्र घ्यावे. मान, छाती व पोट येथील जखम वरवरची समजू नये. छर्रा आत कोठवर गेला आहे हे बाहेरून सांगता येत नाही. धनुर्वाताची लस पाहावी. सांध्याच्या पोकळीत अडकलेल्या छर्ऱ्यातील शिसे हळूहळू रक्तात उतरू शकते. आत राहिलेला छर्रा पोलादी असेल, तर एमआरआय धोक्याचा ठरतो. डोळ्यातील वस्तू काढण्याचा प्रयत्न करू नये, दाब देऊ नये, मलम किंवा थेंब घालू नयेत. कडक आवरण बांधून उपाशीपोटी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. आणि 'मेडिको-लीगल' नोंद टाळू नये, मग समोरचा कितीही जवळचा असो. मी स्वतः त्या दिवशी क्षणभर कचरलो होतो, हे येथे कबूल करतो.

काही मित्र म्हणतील, की डॉक्टर एका अपघाताने घाबरले आणि आता साऱ्या बंदुकांवर बंदी मागतील. तसे नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले, ते दहा मीटर एअर रायफलमध्येच. अंजली भागवतांपासून २०२२ चे जगज्जेते रुद्रांक्ष पाटील यांच्यापर्यंत महाराष्ट्राने या खेळात मोठे नाव कमावले. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळे यांनी रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडेही पेढे वाटले गेले. पण नेमबाजीच्या मैदानावर कोणी कोठे उभे राहायचे, नळी कोणत्या दिशेला ठेवायची, छर्रा केव्हा भरायचा, हे सारे ठरलेले असते आणि शिक्षकाच्या आज्ञेवाचून कोणी बोटही हलवत नाही. आपल्याच राज्यातील कोडगूमध्ये कोडवा समाजाला बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तेथे कैलपोदच्या सणाला शस्त्रांची पूजा होते. बंदूक घरात असण्याचे दडपण आणि शिस्त पिढ्यान्पिढ्या चालत आलेली असते. आपल्या घरी खोक्यातून बंदूक आली, शिस्त आली नाही.

शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. कित्येक महिने राबून पिकवलेली तूर वानराने एका सकाळी ओरबाडली, तर त्याने काय करावे? मात्र छर्ऱ्याची बंदूक हा त्यावरचा उपाय नाही, हे मेव्हणे आता स्वतः सांगतात. वानर आवाजाला चार दिवस भिते, पाचव्या दिवशी भीत नाही. मग माणूस नेम धरतो आणि जनावर जखमी होते. मोर आणि काळवीट यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांना इजा करणे हा गंभीर गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ पासून एअरगन स्वेच्छेने परत करण्याची मोहीम चालली आणि लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका शासनाच्या स्वाधीन केल्या. ती मोहीम पशुपक्ष्यांसाठी होती. पण त्या दोन हजार घरांतील मुलांचे डोळेही तिने राखले असतील, असे बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्या मनात येते.

स्कॉटलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. ग्लासगो येथे २००५ साली एका दोन वर्षांच्या बालकाचा एअरगनच्या छर्ऱ्याने मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी आणि इतरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१५ साली तेथील संसदेने कायदा केला आणि २०१६ च्या अखेरीपासून एअरगनलाही परवाना आवश्यक ठरला. एका बालकाच्या मृत्यूपासून कायद्यापर्यंत त्यांना दहा वर्षे लागली. आपण निदान मोजायला तरी सुरुवात करू या. सीमाभागातील या दोन जिल्ह्यांत वर्षाकाठी छर्ऱ्याने किती मुले जखमी होतात, हे आज आपल्यापैकी कोणीच सांगू शकणार नाही, कारण ती वही आपण कधी उघडलीच नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, सभासदांनी छर्रा, गलोल, फटाका आणि कार्बाइड यांमुळे होणाऱ्या दुखापतींची साधी नोंद ठेवावी. वय, दुखापत, वस्तू कोठून घेतली आणि कोठे ठेवली होती, एवढे चार रकाने पुरेत. वर्षअखेर त्या नोंदी एकत्र कराव्यात. दुसरी, शालेय वयाच्या मुलाची तपासणी करताना लसीची, दातांची चौकशी करतो तशीच "घरी किंवा शेतात छर्ऱ्याची बंदूक आहे का, कुठे ठेवता, छर्रे वेगळे ठेवता का?" अशी चौकशी करावी. पालकांना प्रथम चमत्कारिक वाटेल. मला त्या म्हाताऱ्या दुकानदाराचे प्रश्न असेच चमत्कारिक वाटले होते. बंदूक एका कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, किल्ली मोठ्यांच्या कमरेला. एवढा सल्ला देण्यास एक मिनिट लागते. तिसरी, ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी असे खोके केवळ ओळखपत्र दिलेल्या प्रौढ व्यक्तीच्याच हाती द्यावे, अशी मागणी संघटनेने दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे लेखी करावी. ती लगेच मान्य होईल असे नाही, पण मागणी करणारे पहिले पत्र कोणीतरी लिहावेच लागते.

गेल्या वर्षी कलबुर्गीला गेलो असता त्या दुकानात पुन्हा डोकावलो. मालकांनी मला ओळखले नाही. निम्म्या दुकानात आता क्रिकेटचे साहित्य आहे. लोक येतात, बंदूक हातात घेऊन पाहतात, तिचे छायाचित्र काढतात आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवतात, असे ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मी त्यांना झालेली हकीगत सांगितली. त्यांनी विचारले, "आँख गई?" मी हो म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर नोकराला चहा सांगितला.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. ताप-खोकल्यासाठी अधूनमधून माझ्याकडे येतो. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा असलो, तर मला पाहण्यासाठी त्याला पूर्ण मान वळवावी लागते. त्याचे वडील अजूनही मेव्हण्यांच्या शेतावरच आहेत आणि मला भेटले की पूर्वीसारखाच नमस्कार करतात. मेव्हण्यांच्या मुलाने त्यानंतर दोन-तीन वर्षे वेळ अमावास्येला शेतात येण्याचे टाळले. त्याच्याशी त्याविषयी बोलण्याचा प्रयत्न मी केला, पण मागणी नोंदवणारा मीच होतो, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या उपदेशाला फारसा अर्थ उरत नाही.

डॉक्टरमित्रांनो, स्वस्त वस्तू घेऊ नये, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आपण सारे मध्यमवर्गीय संस्कारांत वाढलो आहोत, चार दुकाने फिरून भाव करणे आपल्या रक्तात आहे आणि त्यात गैर काही नाही. एवढेच म्हणावेसे वाटते, की ज्या वस्तूने लहान मुलाला इजा होऊ शकते, तिच्या दोन किमतींत फरक दिसला, तर तो फरक कशामुळे आहे हे एकदा पाहावे. मी पाहिले नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेतात किंवा आप्तांकडे अशी बंदूक असेल, तर ही स्मरणिका खाली ठेवल्यावर एक दूरध्वनी करावा आणि ती आज कोठे ठेवली आहे, एवढे विचारावे, ही नम्र विनंती.